जिप्सीच्या पोटाखाली: जांबोटीच्या वाटेसाठी जुनी गाडी तयार करताना

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे आमची काजूची बाग आहे. डांबरी रस्ता सोडला की बागेपर्यंतची वाट जांभ्या दगडाची आहे. तिच्यावर ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडल्या आहेत आणि मध्ये एक ओढा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात तिथे साधी मोटार जात नाही. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मी २०११ सालची मारुती जिप्सी विकत घेतली. गाडी चंदगड भागातल्या एका परिचितांकडची, म्हणजे महाराष्ट्र पासिंगची होती. जिप्सीचे उत्पादन आता बंद झाले आहे, त्यामुळे चांगली गाडी जिथे मिळेल तिथून घ्यावी लागते, आणि बेळगावकरांना त्यासाठी हद्द ओलांडणे काही नवीन नाही.

गाडी घेतल्यापासून पहिला पावसाळा पार पडेपर्यंत दोन कामे बरोबरीने चालली. एक कागदांचे आणि दुसरे गाडीच्या खालच्या भागाची दुरुस्ती करून तिथे संरक्षक पत्रे, म्हणजे गार्ड, बसवण्याचे. गाडीच्या पोटाखाली काय काय असते, त्यातले काय कशासाठी असते आणि काय तुटले तर माणूस रानात अडकतो, हे समजून घेतल्याशिवाय तिथे एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे ठाम मत या काळात झाले. ज्यांना हे काम पुढे करायचे आहे त्यांच्यासाठी ते घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

सौदा ठरवण्यापूर्वी आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद नाही ना, आणि ऑनलाइन चलनांपैकी एखादे थकलेले नाही ना, हे पाहून घेतले. कर्जाची नोंद असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणून ती आधी उतरवावी लागते. त्यानंतर मूळ मालकांच्या सह्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर घेतल्या. हे दोन्ही फॉर्म मालकी हस्तांतराचे आहेत. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असल्यामुळे मूळ नोंदणीच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, काढावे लागते. त्यासाठी ‘परिवहन’ संकेतस्थळावर अर्ज करून शुल्क भरले आणि विमा, पीयूसी, आरसी व चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट यांसह कागद जमा केले. सह्या घेताना मालकांसमोर बसून प्रत्येक फॉर्मच्या दोन-दोन प्रती करून घ्याव्यात, कारण एक सही राहिली तरी पुन्हा चंदगडची फेरी होते. विमाही नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे; हे काम मी त्याच आठवड्यात उरकले.

चेसिस प्रिंटमुळेच गाडीच्या खालच्या भागाकडे माझे प्रथम लक्ष गेले. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि आकडे उमटवायचे, एवढेच ते काम. पण त्या जागी पूर्वीच्या कोणी काळ्या डांबरी लेपाचा जाड थर दिला होता. रॉकेलने भिजवलेल्या चिंधीने तो पुसून काढावा लागला, तेव्हा कुठे आकडे दिसू लागले. लेपाखाली बारीक गंजही होता. असा लेप गंजलेल्या लोखंडावर दिला की ओल आतच कोंडते आणि बाहेरून सगळे काळेभोर, धडधाकट दिसत राहते. जुनी गाडी घेताना खालून ताजा काळा रंग दिसला तर आनंदून जाऊ नये, उलट तिथे अधिक वेळ द्यावा.

एनओसीची वाट पाहण्यात डिसेंबर गेला. तोवर गाडी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात नेली. उद्यमबागेचा मोठा फायदा असा की फाउंड्री, लेथ, पत्रा कापणारे, वाकवणारे, सगळे एकाच परिसरात हाकेच्या अंतरावर भेटतात. गॅरेजचे मिस्त्री वयाने मोठे असून त्यांची उमर जीप आणि ट्रक खोलण्यात गेली आहे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागलो. गाडी खड्ड्यावर उभी करून ते म्हणाले, “साहेब, वरनं बघून गाडी घेतलासा, आता खाली उतरून बघा.” मग टॉर्च माझ्या हातात देऊन त्यांनी पुढच्या बंपरापासून मागच्या टाकीपर्यंत एकेक भाग दाखवला.

सर्वांत आधी त्यांनी लहान हातोडीने चेसिसवर ठोकत जायला सुरुवात केली. जिप्सीचा चेसिस शिडीसारखा असतो, म्हणजे दोन लांब बाजूपट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. निरोगी जागी हातोडीचा आवाज खणखणीत येतो, गंजाने पातळ झालेल्या जागी तो बद्द येतो. मागच्या कमानीच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे ती चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ, एका ठिकाणी आवाज बदलला आणि काकांनी तिथे खडूने गोल केला. चेसिसला धोका नव्हता, पण ती जागा घासून, गंज काढून, झिंकचा प्रायमर देण्याचे ठरले.

यानंतर चेंबर. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे जे पत्र्याचे भांडे असते त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. ते फुटले तर ऑइल वाहून जाते आणि चालकाने तांबडा दिवा पाहून लगेच इंजिन बंद केले नाही तर इंजिन जाम होते, इतके मला ठाऊक होते. काकांनी दाखवलेली गोष्ट मात्र नवीन होती. चेंबरच्या आत ऑइल ओढून घेणारी जाळी तळापासून अगदी थोड्या अंतरावर बसवलेली असते. दगडाने चेंबर फुटले नाही, नुसते आत चेपले, तरी तो चेप जाळीला टेकू शकतो. मग थेंबही गळत नाही आणि इंजिनाला ऑइल मात्र पुरेसे मिळत नाही. म्हणून गार्ड आणि चेंबर यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा हवी. चेंबरला चिकटून बसवलेला गार्ड पहिल्याच मोठ्या धक्क्यात स्वतः वाकून चेंबरलाच ढकलतो.

त्यामागे गिअरबॉक्स आणि त्याहून मागे, एका छोट्या शाफ्टने जोडलेला ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वाटणे आणि चढावर किंवा चिखलात सावकाश पण जास्त ताकदीने चालण्यासाठी लो रेंज देणे, ही ट्रान्सफर केसची कामे. जिप्सीत तो गिअरबॉक्सपासून वेगळा असल्यामुळे खाली एकूण तीन शाफ्ट दिसतात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांची आवरणे ॲल्युमिनियमच्या ओतकामाची असतात. पोलादी पत्रा चेपतो, ओतीव ॲल्युमिनियम तडकते आणि तडकल्यावर रानात त्यावर काही उपाय नसतो. गार्डसाठी पैसे कमी असतील तर चेंबरनंतर पहिला मान ट्रान्सफर केसचा, असे मी सांगेन.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळूनही फिरणारे सांधे, असतात आणि मध्ये सरकता सांधा असतो. कमान दबली की ॲक्सल वर येतो, ॲक्सल वर आला की शाफ्टची लांबी बदलावी लागते, आणि ते काम हा सांधा करतो. त्यात ग्रीस नसेल तर गाडी सोडताना खटकन आवाज येतो. आमच्या गाडीचा मागचा क्रॉस सैल होता, तो बदलला. शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या तबकड्यांवर, खूण करून घेणे आवश्यक आहे. उलटा बसला तर थरथर सुरू होते.

डिफरन्शियलबद्दल, म्हणजे ॲक्सलमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीबद्दल, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण याच ठिकाणी अनेकांचे पैसे भलतीकडे जातात. जिप्सीचे दोन्ही ॲक्सल अखंड आहेत आणि डिफरन्शियलचा गोळा त्यांच्यातच, मधोमध नसून एका बाजूला, लटकलेला असतो. गाडीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग तोच. कमानी बदलून गाडी उंच केली तर चेसिस आणि बॉडी वर जाते, पण ॲक्सल चाकांवर उभा असल्यामुळे तो गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायर मोठे घ्यावे लागतात. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा घासतो तो याच गोळ्याला, त्यामुळे मी गाडी उंच केली नाही. चाके चाकोरीत न घालता एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून चालवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. डिफरन्शियलचे आवरण जाड असते, त्याला वेगळ्या गार्डची फारशी गरज नाही. तळाच्या ऑइल बोल्टचे डोके घासून गोल होऊ नये एवढे पाहावे.

मागच्या डिफरन्शियलचे ऑइल काढले तेव्हा ते दूध घातलेल्या चहासारखे आले. आत पाणी गेले होते. ॲक्सलवर हवा येण्या-जाण्यासाठी एक लहान ब्रीदर असतो. गाडी चालून ॲक्सल तापला आणि तसाच ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, कधी ऑइल सीलमधूनही, पाणी आत ओढले जाते. त्यावरचा इलाज स्वस्त आहे. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरला रबरी नळ्या जोडून त्यांची तोंडे इंजिनाच्या खणात, वरच्या बाजूला नेऊन बांधली. नळ्या, क्लिप आणि जोड मिळून हजार रुपयांच्या आत काम झाले. संपूर्ण खटाटोपात सर्वांत उपयोगी पडलेला खर्च कोणता असे विचाराल तर मी याच नळ्यांकडे बोट दाखवीन.

कमानींचे रबरी बुश, यू-बोल्ट आणि बंप स्टॉप बदलले. बंप स्टॉप म्हणजे ॲक्सल आणि चेसिस यांच्यामधला रबराचा ठोकळा. मोठ्या खड्ड्यात लोखंडाने लोखंडावर आदळू नये म्हणून तो असतो. ब्रेकच्या रबरी नळ्यांना बारीक चिरा होत्या, त्याही नवीन घातल्या. बुश, क्रॉस, सील, नळ्या, ऑइल आणि मजुरी मिळून अठरा हजारांच्या आसपास खर्च आला.

एनओसी जानेवारीच्या मध्यात हाती आली. आता गार्ड आधी की नंबर आधी, असा प्रश्न होता. काकांचे म्हणणे नंबर आधी असेच पडले आणि ते मला पटले, कारण तपासणीच्या वेळी चेसिस नंबर उघडा आणि स्वच्छ असावा, आणि खालचा भाग मूळ स्थितीत दिसावा. केंद्रीय मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठीचा अर्ज फॉर्म २७ मध्ये असतो. त्याबरोबर एनओसी, फॉर्म २९ व ३०, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि पुन्हा एकदा चेसिस प्रिंट असा संच लावून फेब्रुवारीत बेळगावच्या परिवहन कार्यालयात दिला. खिडकीवरच्या सूचना कन्नडमध्ये असतात; ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लिहिता-वाचता येणारा एखादा मित्र बरोबर न्यावा, म्हणजे विनाकारण एजंट धरावा लागत नाही. माझ्याबरोबर शेजारचे अण्णा आले होते आणि त्यांच्यामुळे अर्धा दिवस वाचला.

कागदांच्या खर्चात सर्वांत मोठा आकडा कर्नाटकच्या आजीवन कराचा असतो. तो गाडीची मूळ किंमत आणि तिचे वय यांवरून ठरतो, म्हणून खरेदीची मूळ पावती जुन्या मालकांकडून मागून ठेवावी. महाराष्ट्रात भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण तो नवा नंबर मिळाल्याचा पुरावा जोडल्यानंतरच. माझा अर्ज हे लिहीपर्यंत विचाराधीन आहे.

प्रत्यक्ष तपासणीत अधिकाऱ्यांनी इंजिन आणि चेसिस नंबर पडताळले, दिवे, हॉर्न आणि टायर पाहिले आणि खाली वाकून चेसिसवर कुठे जोडकाम आहे का तेही पाहिले. गार्ड बसवण्याचा विचार मी त्यांना मोकळेपणाने सांगितला. चेसिसवर वेल्डिंग करू नका, बॉडीच्या बाहेर काही येऊ देऊ नका, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाडीच्या पुढे लावल्या जाणाऱ्या जाडजूड क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. बुल बारने धडकेचा जोर थेट चेसिसवर आणि समोरच्या पादचाऱ्यावर येतो. पोटाखालच्या पत्र्याचे काम त्याहून अगदी निराळे आहे. तरी आपल्या कार्यालयात आधी विचारून मगच काम करावे. मार्च अखेरीस केए २२ चा नंबर मिळाला, त्यानंतर नव्या नंबरच्या एचएसआरपी पाट्या बसल्या.

एप्रिलमध्ये गार्डचे काम घेतले. पत्रा कोणता, यावर बराच खल झाला. सहा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा एका चौरस मीटरला सुमारे सोळा किलो भरतो, तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा साडेतेवीस किलो. हजार किलोच्या आसपास वजनाच्या गाडीला हा फरक लहान नाही. तरीही मी पोलाद निवडले. ॲल्युमिनियम मऊ असल्याने जांभ्याच्या खरबरीत दगडावर ते खरवडले जाते आणि गाडी त्या जागी धरली जाते, पोलाद त्यावरून घसरते. आणि गार्डचे खरे काम घसरणे हेच आहे. वाकलेला पोलादी पत्रा गावातल्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात ठोकून सरळ करता येतो, हाही विचार होताच.

आधी पुठ्ठा कापून साचा केला, तो गाडीखाली धरून पाहिला आणि मग पत्रा कापायला दिला. तीन तुकडे झाले: पहिला चेंबरखाली, दुसरा ट्रान्सफर केसखाली, तिसरा पेट्रोलच्या टाकीखाली. पहिल्या तुकड्याची पुढची कड वर वळवली. मागच्या तुकड्याची पुढची कड पुढच्या तुकड्याच्या वर दडवली, म्हणजे दगड पुढून मागे सरकताना मध्ये कुठेही कड अडत नाही. बोल्टची डोकी पत्र्याच्या पातळीत बुडवली. बाहेर राहिलेले डोके दगडाने छाटले जाते आणि मग गार्ड काढता येत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, आणि नट नायलॉक, म्हणजे थरथरीने सहज सैल न होणारे, घेतले. चेसिसची पट्टी आतून पोकळ असल्यामुळे बोल्ट आवळताना ती दबू नये म्हणून आत नळीचे तुकडे घातले आणि चेसिसला असलेली भोकेच वापरली.

ऑइल काढण्याच्या बोल्टसमोर गार्डला मोठे भोक लागते, पण ते नेमके बोल्टखाली असून भागत नाही. ऑइल बोल्टमधून सरळ खाली न पडता धारेने पुढे झेपावते, म्हणून काकांनी भोक लांबट कापून घेतले. वारा खेळण्यासाठी आणि चिखल-पाणी निघून जाण्यासाठी आणखी फटी ठेवल्या. सायलेन्सरच्या जवळ मात्र पत्रा आणला नाही. उन्हाळ्यात आपल्या रानात गुडघाभर वाळलेले गवत असते. ते गार्डवर साठून तापलेल्या सायलेन्सरला टेकले तर पेट घेऊ शकते. रानातून आल्यावर वाकून तिथले गवत काढणे ही सवय लावून घ्यावीच. पावडर कोटिंगऐवजी झिंक प्रायमर आणि साधा रंग दिला, कारण पावडर कोटिंगला ओरखडा पडला की गंज आतल्या आत पसरतो, साधा रंग दर पावसाळ्याआधी घरी लावता येतो. पत्रा, कापणे, वाकवणे, बोल्ट आणि बसवणे मिळून चौदा हजारांच्या थोडे वर गेले.

बॉडीच्या कडेखाली लावायचे स्लायडर मी केले नाहीत. आमच्या वाटेवर बाजूला मोठे दगड नाहीत आणि वजन वाढवायचे नव्हते. ओढून काढण्यासाठी चेसिसला पक्के बसवलेले मूळचे हूक तपासून घेतले, ते पुरेसे आहेत.

मे महिन्यात कोरड्या वाटेवर जाऊन आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळले. पहिल्या फेऱ्यांनंतर ते थोडे सैल होतातच. जूनमध्ये पाऊस लागला. ओढ्याला उतरण्यापूर्वी काठावर थांबून पाणी गुडघ्याखाली आहे ना हे काठीने पाहायचे, ॲक्सल थोडा निवू द्यायचा, लो रेंज टाकायची आणि सावकाश पार व्हायचे, असा क्रम ठेवला. जुलैत एकदा गाडीचा पोटाखालचा भाग दगडावर टेकून खर्रकन आवाज झाला. बागेत पोचल्यावर पाहिले तर ट्रान्सफर केसखालच्या पत्र्यावर हातभर लांब चकचकीत ओरखडा होता आणि वर काहीही लागलेले नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गार्ड उतरवून सगळे धुतले आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल तपासले. ऑइल स्वच्छ निघाले. चेंबरचा गार्डही कोरडा होता. टाकीच्या गार्डमध्ये मात्र तांबड्या चिखलाचा थर साचून टाकीच्या तळाला लागला होता, कारण मागच्या चाकांचा उडालेला सगळा चिखल तिथेच येतो. टाकी पत्र्याची असल्यामुळे ही ओल तिथे राहू देणे बरे नाही. काकांनी त्या गार्डच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत निचऱ्याची मोठी भोके पाडून दिली आणि टाकी व गार्ड यांच्यातले अंतर वायसर घालून वाढवले. २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून तिला पुन्हा तपासणीला न्यावे लागेल. त्याआधी, मुदत संपण्याच्या दोन महिने अगोदर, तिन्ही गार्ड उतरवून चेसिस नंबराची जागा घासून ठेवण्याचे काकांशी आताच ठरवून घेतले आहे.